खिरीचा गंज

रूपा : आबा, खिरीच्या या मोठ्या भांड्यात, या गंजात, काय वाजून राह्यलं?

देवमन : गंजात? त्यात काय वाजनार, बाई? ठेव तो. तसाच वर ठेव. तुले कोनं सांगतलं काढाले?

लिलाबाई : मी सांगतलं. उद्या बुद्धपौर्णिमा, बुद्धइहारात खीर, अन् गंजावर सालभराची धूळ. मी मनलं, नात आली तं काढून देईन. तुमी फळीवर चढसान अन् मंग मी तुमाले झेलू काय?

देवमन : गंज मी काढतो. दरसाल मीच काढतो. खीर माही, गंज माहा. रूपा, तू उतर खाली. उद्या तुया सत्कार, अन् आज पाय मोडला तं मी लोकाइले काय तोंड दाखवू? अन् तू तं उद्या येनार होती ना?

रूपा : सुट्टी भेटली, एक दिवस आदीच आली. काहून, नोको होती काय यायले? धरा. जड नाई. पाहा, हालवला की खळखळ होते. आजी, यात तू चने ठेवले काय?

लिलाबाई : मी चने ठेवले असते तं तुया आबानं एक बी दाना राहू देल्ला असता काय?

देवमन : उंदरानं काई नेलं असन. दे, दे मायाजवळ.

(रूपा गंज उलटा करते. गाठ मारलेला एक रुमाल ओट्यावर पडतो. गाठ सुटते आणि लालसर गोळ्या घरभर पसरतात.)

लिलाबाई : बाई बाई बाई! ह्या कायच्या गोळ्या व?

रूपा : आबा, ह्या तुमच्या टीबीच्या गोळ्या हायेत.

लिलाबाई : टीबीच्या? त्या कशा असतीन? त्या तं हे रोज घेते. आशाताई येते, वर्षाराणी, ते पाकीट पाहून जाते. माया डोळ्यादेखत.

रूपा : मले बी तिनं फोनवर हेच सांगतलं. मने, तुमचे आजोबा लय शिस्तीचे, एक दिवस चुकवत नाई.

देवमन : पाकीट रिकामंच दाखवलं मी तिले. भरलेलं नाई दाखवलं.

लिलाबाई : अन् गोळ्या गंजात! वा रे शिस्त!

रूपा : फेकल्या तरी काहून नाई मंग?

देवमन : औषध फेकाचं कसं, बाई? सरकारनं देल्लं. कोन्या गरजवंताच्या कामी येईन. उद्या तुया सत्कार झाला की मी वर्षाराणीच्या ओटीत टाकनार होतो. सांगनार होतो, घे माय, मले आता गरज नाई.

रूपा : कवापासून बंद हायेत?

देवमन : जयंतीपासून.

रूपा : चौदा एप्रिलपासून? आबा! जयंतीपासून काहून?

देवमन : त्या हप्त्यात पेपरात तुया फोटो आला ना. तो पाहा, भिंतीवर. मंगरूळपीरले जाऊन पलास्टिक मारून आनलं. ‘शेतमजुराच्या नातीला सापडले दुधात औषध.’ मी वाचलं, अन् त्याच दिवशी ठरवलं. आता गोळीचं काई काम नाई.

रूपा : मनजे हे माह्यामुळं झालं.

देवमन : तुयामुळंच तं बरं झालं सारं! इकडं बस. रडू नोको. अवं, तू काय शोधलं हे तुले तरी ठाव हाये काय? मले ठाव हाये. पेप्टाइड. बराबर मनतो ना? लय दिवस जिभेवर घोळवला तो शब्द, तवा कुठं बसला. स्टँडवरच्या चायच्या हाटेलात साऱ्याइले सांगतलं मी. मनलं, माया नातीनं दुधाच्या पोटात हात घातला अन् तिथून पेप्टाइड काढलं. ते आंगात गेलं का रोगाशी लढनारी फौज खडबडून जागी होते.

लिलाबाई : हो, अन् हाटेलवाल्यानं तवापासून चायमधी दूध वाढवलं मनते.

देवमन : तू हास. पन गावात असं कोनाचं नाव निघालं होतं काय कधी? सांग.

लिलाबाई : नाई निघालं. ते मी कायले नाई मनू? माया बी छातीत मावत नाई. पन ह्या गोळ्या घरभर पडल्या, त्याचं काय करू?

रूपा : आबा, मी जे पाह्यलं ते खरं हाये. त्यात खोटं काई नाई. पन...

देवमन : पन नोको. आदी ते सांग, काय पाह्यलं. पेपरवाल्यानं चार ओळीत उरकलं. मले तुया तोंडून आयकाचं हाये. तू आली का फोनवर असते नाईतं झोपते. आज सांग.

रूपा : सांगते. पन मंग माहं बी आयकाव लागन.

देवमन : आयकीन.

रूपा : शब्द द्या.

लिलाबाई : शब्द मी देतो त्याइच्या वतीनं. तू सांग.

रूपा : दुधात प्रथिन असते, आबा. दूध फाटलं का जो पांढरा चोथा हातात येते ना, तो बहुतेक तोच. केसीन मनते त्याले. ते एका लांब माळेवानी असते, मन्याले मनी लागलेला, सारी माळ गुंतलेली. तशी हाये तोवर तो नुसता खुराक. पन दूध पोटात गेलं, पोटातल्या रसानं ती माळ जागोजाग तुटली, का तिचे लहान लहान तुकडे होते. चार-सहा मन्याचे. हेच तुमचं पेप्टाइड. अन् गंमत पाहा, जे काम हा तुकडा करते, ते अख्खी माळ करत नाई.

लिलाबाई : हरबऱ्याच्या घाट्यावानी मन ना. फोडल्याबिगर दाना दिसत नाई.

रूपा : अगदी तसंच, आजी. मी आपल्याच भागातल्या पूर्णाथडी म्हशीचं दूध नेलं होतं. तुमाले आठवते, दोन सालाआदी थंडीत मी डबे घेऊन आली होती? ते दूध असं फोडलं, तुकडे येगळे केले. मंग आपल्या रक्तात ज्या पांढऱ्या पेशी असते, जंतू दिसला का गिळून टाकनाऱ्या, तशा पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. एका बशीत दुधाचे तुकडे टाकले, दुसरीत नाई टाकले. दोन्हीत जंतू सोडले, अन् मायक्रोस्कोपखाली ठेवल्या.

देवमन : मंग?

रूपा : ज्या बशीत काई नोतं, तिथल्या पेशी आपल्या सुस्त. गिळत होत्या, नाई असं नाई, पन सुस्त. अन् दुसरीत... आबा, मी डोळा लावला तो काढलाच नाई. त्या पेशी आपलं आंग लांबवून, हात पसरल्यावानी जंतूकडं सरकत होत्या. एकामागं एक गिळत होत्या. डबा तसाच राह्यला माहा. बाजूची पोरगी हालवून राह्यली, चाल जेवाले, चाल जेवाले, अन् मी तिलेच ओढून मनलं, तू पाह्य. तू पाह्य हे.

देवमन : वा. वा, माय.

रूपा : मले एकच गोष्ट सुचे. त्या म्हशीले हे कोनं शिकवलं असन? ती कडबा खाते, पानी पेते, शेपटीनं माशा हाकलते. अन् आपल्या लेकरासाठी दुधात असा निरोप घालून देते का तो थनात उघडत नाई, भांड्यात उघडत नाई. लेकराच्या पोटात गेला का तवाच उघडते. मी एवढी पुस्तकं वाचली आबा, पन इतकं हुशार काम कोनाचं पाह्यलं नाई.

देवमन : लिला, आयकलं काय?

लिलाबाई : आयकलं. आपल्या म्हशीकडं, चांदीकडं, आता म्या पाहावं कसं? सकाळीच तिले काठी मारली मी.

देवमन : अन् हे आयकून बी तुमी मले इचारता, गोळ्या काहून सोडल्या!

रूपा : आता माही पाळी. हे मी बशीत पाह्यलं, आबा. काचेच्या बशीत.

देवमन : बशीत जमलं तं मानसात काहून जमनार नाई?

रूपा : जमन बी. नाई बी जमनार. बशीत पोट नसते, ताप नसते, म्हातारपन नसते. बशीनंतर उंदराइवर पाह्यलं, ते जरा कमी आजारी पडले. चांगली गोष्ट हाये. पन मानसावर मी काई पाह्यलं नाई. अन् टीबीवर तं कोन्या बशीत बी नाई पाह्यलं. पेपरवाल्याले हे सारं सांगतलं होतं मी. त्यानं पयलं अर्धं ठेवलं, मागचं कापलं.

देवमन : मंग मायावर पाह्य! मी हाये ना. तेच तं सांगून राह्यलो तुले. जयंतीपासून गोळी बंद, अन् चांदीचं दूध सुरू. सकाळी गडवाभर, संध्याकाळी गडवाभर. उद्या सारं गाव बसलं असन, तुया गळ्यात हार पडन, अन् मंग मी उठनार. सांगनार, लोकहो, पेपरात आलं ते खरं का खोटं इचारता? हा मी उभा. गोळी नाई, सुई नाई. नातीच्या शोधानं बरा झालेला पयला मानूस. पाह्यजो मंग, टाळी कशी पडते.

रूपा : त्यासाठी केलं तुमी हे?

देवमन : नाईतं कायसाठी? गोळी काई कडू नोती.

रूपा : बरे झाले हे कोनं सांगतलं पन?

देवमन : आंगच सांगते. थंडीत मी कसा झालो होतो? हाडाचा सापळा. आता भूक लागते, पायात जोर आला.

रूपा : जोर आला तो संक्रांतीपासून जयंतीपर्यंत गोळ्या घेतल्या मनून. त्याइनं जंतू मारले, अन् दुधानं आंग भरलं. तुमी सारं नाव दुधाले देल्लं.

लिलाबाई : रूपा, मी एक इचारू? लाजाची गोष्ट हाये पन इचारतो. गोळ्या सुरू झाल्या तवा याइची लघवी लालभडक होये. पायजम्याले डाग पडे. मी घासून घासून थकलो. मंग एक दिवस डाग बंद झाले. मले वाटलं, चाला, रोग धुऊन गेला, औषध लागू पडलं.

रूपा : ते गोळीच्या रंगानं होते, आजी. डाग बंद झाले मनजे गोळी बंद झाली.

लिलाबाई : अन् म्या त्या दिवशी इहारात मेनबत्ती लावली!

देवमन : तुले कोनं सांगतलं होतं माया पायजम्याचा हिशोब ठेवाले?

लिलाबाई : मंग कोन ठेवीन? शेजारीन? अन् आता बोलतोच. हे संध्याकाळी कन्हते. आंग गरम लागते. खोकला आला का उठून गोठ्यात जाते. मले मनते, चांदीले पानी दाखवून येतो. म्हैस किती पानी पेते हो एका संध्याकाळी?

रूपा : आबा, हा रुमाल पाहू द्या.

देवमन : रुमालात काय हाये?

रूपा : हा डाग कायचा?

देवमन : गोळीचा रंग लागला असन. लालच हायेत ना गोळ्या.

लिलाबाई : थांबा. अन् हा दुसरा रुमाल? हा तुमच्या उशीखालचा होय. याच्यात तं गोळ्या नोत्या.

देवमन : लिला, ठेव तो.

लिलाबाई : नाई ठेवत. मी मनलं पानाचा असन. पन पान तं तुमी धम्म घेतला तवापासून नाई खाल्लं. मी इचारलं नाई. भेव वाटलं इचाराले. पाह्य रूपा, तूच पाह्य.

रूपा : रक्त हाये, आबा.

देवमन : थोडुसक. एकदाच.

रूपा : थांबा. मी वर्षाराणीताईले फोन लावते... हॅलो, ताई? मी रूपा. देवमन आबाची. हो, आली, सकाळीच. ताई, आबाच्या गोळ्या महिनाभरापासून बंद हायेत... नाई, पाकीट रिकामं होतं, गोळ्या ठेवून देल्ल्या होत्या... तुमी कायले वाईट वाटून घेता, त्याइनं आमाले बी कळू देल्लं नाई. हो, खोकला हाये. रक्त बी हाये... आज? किती वाजेपर्यंत?... अन् उद्या?... हो, सुट्टीच असन. बरं. याच गोळ्या पुन्हा सुरू करू नोको ना?... ठीक. डॉक्टर सांगतीन तसं. येतो आमी. ठेवते.

लिलाबाई : काय मने?

रूपा : आजच्या आज मंगरूळपीरले आना मने. दुपारपर्यंत डॉक्टर हायेत, उद्या पौर्णिमेची सुट्टी. थुंकी पुन्हा तपासाव लागन. अर्धी सोडलेली गोळी लय खराब, आबा. जे जंतू मरता मरता वाचते, ते गोळीले ओळखाले लागते. मंग तीच गोळी त्याइले मारत नाई.

देवमन : आज नाई. परवा जाऊ.

रूपा : आबा!

देवमन : परवा. उद्याचा दिवस जाऊ दे. दवाखाना कुठं पळून नाई चालला. आज मी तुया संगं बसमधी बसलो का स्टँडवर सारे इचारतीन, देवमन, कुठं? दवाखान्यात? मंग त्या दुधाचं काय झालं? उद्या तुया गळ्यात हार पडन, अन् मागून दोन पोट्टे हासतीन. मी मेलो तरी चालन, रूपा, पन तुया नावावर कोनी हासलेलं मले चालनार नाई.

लिलाबाई : असं अभद्र नोका बोलू!

देवमन : बोलू दे आज. तू लहान हाये रूपा, तुले सारं सांगतलं नाई मी. नानाजी पाटलाच्या गोठ्यात मी पोट्टा असतानी गुरं राखो. शेन काढो, वैरन टाको, म्हशी धुवो. म्हैस मायाबिगर पानी पेये नाई. पन दुधाले हात लावाचा नाई. संध्याकाळी त्याची माय, मनकर्णाबाई, मले दूध देये. गडवा उंबऱ्याखाली ठेवाचा, मागं सरकाचं, अन् ती वरून धार सोडे. बाई वाईट नोती. भरपूर देये. गडवा भरून देये. पन वरून. मी त्या धारेकडं पाहत बसो. मले वाटे, या दुधात असं काय हाये का मी हात लावला तं ते बाटते? अन् माही नात त्याच दुधाच्या आत जाऊन पाहून आली, काय हाये ते! आता सांग, मी दवाखान्यात कसा जाऊ? काल नानाजी सोता आला होता या ओसरीवर. काठी टेकत. मने, देवमन, पोरीच्या कवतिकाची खीर हाये, दूध माया गोठ्यातून घेजो.

लिलाबाई : खाली बसून चाय पेला. कप उचलून मोरीपाशी ठेवाले गेला तं मी हातातून घेतला.

रूपा : हे तुमी मले कधी सांगतलं नाई, आबा.

देवमन : कायले सांगू? तुया डोक्यात शिकाले जागा राहाव मनून नाई सांगतलं.

रूपा : मंग मी तुमाले एक सांगू? माह्या डोक्यात हे कुठून आलं ते? मी चौथीत होती. खिरीचं दूध फाटलं होतं, याच गंजात. इहारात लोक बसलेले, आजी रडाले लागली. तुमी रागावले नाई. मले उचलून घेतलं, चोथा खीर हालवाच्या सराट्यावर घेतला अन् मनले, पाह्य रूपा, हे सारं दुधात लपलेलं होतं. आपल्याले दिसत नोतं. आठवते?

देवमन : तेव्हाची खीर खारट झाली होती.

लिलाबाई : खारट नाई, आंबट.

रूपा : कशी बी झाली असन. पन मी अजून तेच करून राह्यली, आबा. लपलेलं काय हाये ते पाहत हावो. सारं कॉलेज मले इचारते, तुले हा विषय कोन्या सरानं देल्ला. मी सांगते, सरानं नाई, माह्या आबानं. आता मले सांगा, ज्यानं मले पाहाले शिकवलं, त्याचा रुमाल पाहून मी डोळे मिटून घेऊ काय?

(देवमन खाली वाकून सांडलेल्या गोळ्या वेचू लागतो.)

रूपा : उद्या खिरीआदी तुमी गोष्ट सांगता ना दरसाल? सुजाताची. आज मले सांगा.

देवमन : ती तुले पाठ हाये.

रूपा : सांगा ना. शेवटून सांगा. सिद्धार्थ पार सुकले होते, तिथून.

देवमन : उपास करू करू हाडं दिसाले लागली होती. पोटाले हात लावला तं पाठीचा कना हाताले लागे. नदीवर उठता येईना. तवा सुजाता आली. सोन्याच्या थाळीत खीर घेऊन. त्याइनं ती खाल्ली. आंगात जीव आला. डोळे उघडले.

रूपा : मंग?

देवमन : मंग पिंपळाखाली गेले.

रूपा : खीर खाल्ली अन् गावात सांगत गेले काय, झालं, मले बोधी भेटली, खिरीनं भेटली?

देवमन : तसं कसं मनतीन? बसले. पिंपळाखाली बसले. भुलवनारा मार आला, त्यानं भेव दाखवलं, उठले नाई.

रूपा : खिरीनं काय केलं मंग?

देवमन : बसाची ताकद देल्ली.

रूपा : अन् बसले कोन?

देवमन : तेच बसले.

लिलाबाई : सुजाता असं नाई मनली का माही खीर खाल्ली, आता पिंपळ कायले पाह्यजे.

रूपा : दूध सोडा असं मी मनत नाई, आबा. प्या. गडवाभर प्या. चांदीच्या दुधात जे हाये ते मी डोळ्यानं पाह्यलं, त्याचं कवतिक मी जन्मभर करीन. पन ते खीर हाये. बसाव तुमालेच लागन, गोळ्या घेऊन, डॉक्टर मनतीन तितके महिने. तुमी उठले तं माहा शोध मोठा नाई होत. तुमी उठले तं मी आबाले गमावते. दुसरं काई नाई होत.

लिलाबाई : रडू नोको व. तुले पाहून मले येते.

देवमन : लोक हासतीन, रूपा.

रूपा : हासू द्या. उद्या मीच उभी राहून सांगीन. हे पाह्यलं, हे नाई पाह्यलं. जितकं पाह्यलं तितकं बी लय मोठं हाये, आबा. त्याले खोट्याचा टेकू नोको.

देवमन : मायासंगं चाय पेते तो अमरसिंग मने, मी बी साखरेच्या बिमारीची गोळी बंद करतो, दूधच पेतो. हाटेलात मने. मी त्याले मनलं, कर.

लिलाबाई : अरे देवा.

देवमन : त्याले आत्ताच फोन लाव, रूपा. सांग, देवमन सोता दवाखान्यात चालला. मनावं, तू बी घे गोळी. अन् उद्या माही गोष्ट सांगजो. नाव घेऊन सांगजो. माया तोंडानं मी चार घरी सांगत फिरलो, कोन कोन आयकून बसलं असन कोन जाने.

रूपा : सांगीन.

लिलाबाई : इंझोरीकडून येनारी बस फाट्यावर येतच असन. टोपी घाला. अन् ह्या गोळ्या?

देवमन : बांध रुमालात. धुतलेला रुमाल घे. डॉक्टरच्या समोर ठेवीन, मनीन, ह्या घेतल्या नाई. तेवढं तरी खरं सांगू दे मले.

रूपा : मी बांधते. चाला, आबा. माह्या खांद्याले धरा.

देवमन : थांब. लिला, उद्याची खीर तू हालवजो.

लिलाबाई : मी? आजवर त्या सराट्याले हात लावू देल्ला नाई मले.

देवमन : मी खोकलून राह्यलो. त्या गंजापाशी कसा उभा राहू? सारं गाव खानार त्यातली. बुडाले लागू देजो नोको. साय जमली का मोडत जाजो. गूळ मागून टाकजो, आदी नोको, फाटन.

लिलाबाई : सारा जन्म पाहत आलो, तुमी मले सांगता! जा तुमी. अशी करतो का तुमचीच वाटन.

देवमन : अन् मी इहारात आत नाई बसनार. बाहेर बसीन, पारावर.

रूपा : बसा. तिथं हवा खेळते. भाषन आयकाले येते तिथून.

देवमन : आयकाले येते. अन् रूपा, माही खीर... वाढाले जवळ येऊ नोको. गडवा खाली ठेवीन मी. दुरूनच वाढजो, वरून. मले सवय हाये.

रूपा : नाई, आबा. हा रोग हवेतून लागते, हातानं लागत नाई. मी तोंडाले फडकं बांधीन. पन वाटी तुमच्या हातातच देईन.